माजीसा फर्मावतात

बोलताना पडदा हलतो, हे केसरच्या फार पूर्वीच ध्यानात आलं होतं. ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना कापड बाहेर ढकललं जातं. इतर अक्षरांना जेमतेम थरथरतं. म्हणून ती पडद्यापासून वीतभर मागे बसे आणि हळू बोले.

पलीकडे खुर्चीवर इंग्रजांचे एजंट, मेजर पेंडर बसले होते. खाली गालिच्यावर ठाकूर जोरावरसिंह, आणि समोर त्यांचा पुतण्या, नुकतं मिसरूड फुटलेला कुंवर अभयकरण. जाखोडची गादी कुणाची, ते आज कळायचं होतं.

राजेसाहेब निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या राणीने, माजीसांनी, अभयकरणला दत्तक घेतलं. सरकारने दत्तक मानलं, पण अट घातली. कुंवराला अधिकार मिळेपर्यंत कारभार माजीसांनी पाहायचा. मध्येच त्यांचं काही बरंवाईट झालं, तर गादी ठाकुरांची. ठाकुरांनी मिठाचं सरोवर सरकारला द्यायचं कधीच कबूल करून टाकलं होतं. कुंवर वयात आला, तरी मेजर प्रत्येक भेटीत एकच सांगत, ‘कलकत्त्याहून उत्तर यायचंय.’

माजीसांचा आवाज परक्या पुरुषाने ऐकायचा नाही, ही जाखोडची रीत. त्यांचं म्हणणं त्यांची बडारण, म्हणजे खास दासी, मोठ्याने सांगे. ती बडारण केसर.

“माजीसा,” मेजर म्हणाले, “कुंवरसाहेबांना हा भार पेलेल?”

केसर उजवीकडच्या मसनदीकडे, माजीसांच्या बैठकीकडे वळली, मान लववून थांबली, मग म्हणाली, “माजीसा फर्मावतात, तोल गेला तर कान धरायला माणसं आहेत.”

कुंवराने हसू दाबलं. ठाकूर मात्र उसळले.

“जेव्हा बघावं तेव्हा हीच फर्मावते! साहेब, आज माजीसांच्या तोंडून एक शब्द ऐकवा. नुसतं ‘हो’ म्हणू देत.”

केसर पडद्यापासून आणखी वीतभर मागे सरकली. आवाज मात्र हलला नाही. “ठाकूरसा, राण्यांचा आवाज चव्हाट्यावर न्यायची रीत तुमच्या हवेलीत असेल.”

“हेही माजीसाच म्हणाल्या वाटतं?”

“नाही, हे माझं. माजीसा इतकं सौम्य बोलल्या नसत्या.”

मेजर खो खो हसले. ठाकूर हसले नाहीत.

“बरं, मग माझ्या ठकुराणीला आत पाठवतो. बाईनं बाईला भेटायला कसला आलाय पडदा?”

 केसर मसनदीकडे वळायचंही विसरली. कुंवराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“गरज नाही,” मेजर म्हणाले.

“पण साहेब...”

“ठाकूरसाहेब, दुष्काळात मी सांगितलं होतं, धान्याची पेवं राखून ठेवा. इथून हुकूम सुटला, सगळी उघडा. मी रागावलो, धमकीही दिली. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या संस्थानात गावंच्या गावं ओस होती आणि इथे पेरण्या चालल्या होत्या. असा कारभार मी कुठल्या राजाचा पाहिला नाही, आमच्याकडच्या साहेबांचा तर नाहीच. या पडद्याला मी कुणाला हात लावू देणार नाही.”

ते उठून उभे राहिले. “सरकारचा निर्णय ऐका. आजपासून जाखोडचे सगळे अधिकार महाराज अभयकरणसिंह यांचे. आता कसलीही अट नाही.”

ठाकूर विडा न घेताच निघून गेले. अभयकरणने पडद्यासमोर गुडघे टेकले, जमिनीला कपाळ लावलं आणि डोळे पुसत दरबाराकडे गेला. बाहेर नगारा सुरू झाला.

मेजर मात्र गेले नाहीत. टोपी काढून ते पडद्याजवळ आले. केसर घाईने मसनदीकडे वळली.

“माजीसा फर्मावतात...”

“आता नको,” मेजर अगदी हलक्या आवाजात म्हणाले. “फार वर्षं खोळंबल्यात त्या. माजीसांच्या अस्थी आता गंगेला न्या, केसरबाई.”