वाटीभर लोणी

“मावशी, हात जरा उजेडाकडे धर,” फोनमधून रीना म्हणाली.

आनंदाबाईने धरला. रीना तिच्या बहिणीची पोरगी, तुमसरच्या एका पार्लरात कामाला. राइस मिलवाल्यांच्या बायकांचे कितीतरी चेहरे तिच्या हाताखालून गेले होते. पण असला हात तिने पाहिला नव्हता. ती गप्पच झाली. नेट गेलं वाटून आनंदाबाईने फोन दोनदा हलवला.

“स्किनचे चार प्रकार असतात, मावशी. कोरडी, तेलकट, नाजूक अन् मिक्स. तुझी...” रीना अडली.

“पाचवा लिव,” आनंदाबाई म्हणाली. “रोवणीची.”

सव्वा महिना ती धानाची रोपं लावत चिखलात वाकून होती. आधी स्वतःच्या बांधीत, मग लोकांच्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, टाचा फुटल्या होत्या, आणि तळहात लुगड्यावरून फिरवला तर धागा ओढून आणत होता. रीनाने उपाय सांगितले. हात कोमट पाण्याने धुवायचे, घासायचे नाहीत. ओले असतानाच मलई नाहीतर खोबरेल लावायचं. वरून सुती मोजे चढवायचे. आणि मुख्य म्हणजे एक पूर्ण दिवस पाणी नाही, राख नाही, चूल नाही.

“एक दिवस,” आनंदाबाई म्हणाली. रीनाने जसं काही विमानच मागितलं होतं.

उद्या पोळा होता. दोन नणंदा, त्यांचे नवरे आणि पोरं धरून अकरा माणसं यायची होती. पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, वडे तळायचे, मग अकरा ताटं घासायची. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण पोळ्याची पोळी तिने कधी गरम खाल्ली नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. उद्याचा दिवस फक्त कोणीतरी उचलून न्यावा, एवढंच. ती रीनाला ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात तिचा नवरा, देवाजी, अंगणात आला. हातात हळद घातलेल्या लोण्याची वाटी, काठोकाठ. काखेत पळसाची पानं. तोंड उतरलेलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्याने चोळायचे, पळसाच्या पानाने शेकायचे आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. त्याने नुसतं खायचं आणि मिरवायचं. देवाजीने आपली जोडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालली होती. पण त्याचे हात ऐकायला तयार नव्हते. मागच्या वर्षी त्याने शेजारच्या केवळरामच्या बैलांवर भागवून घेतलं होतं.

“काहून जी, लोणी तसंच?”

“केवळरामनं बी इकली जोडी. आता पुऱ्या आळीत एकट्या इश्वरचे बैल रायले. मी गेलो त माह्या आंधी नऊ घरचे मळून गेलते. बैल असा चमकून रायला का माशी बसली त घसरन. इश्वर म्हणे, आता बस करा गा, तो लाथ मारून रायला.”

“मंग ट्रॅक्टरले चोळा.”

“चोळून पायलं,” देवाजी म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. “बोनट गरम होतं. बोटभर लावलं त पुरं वघळलं.”

तो मटकन खाली बसला. खांदशेकणीची भरली वाटी घरात परत न्यायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती, नियमाची तब्येत मात्र उत्तम होती. लोणी कडेने पातळ होऊ लागलं. देवाजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अंगणात आनंदाबाईशिवाय कोणी नव्हतं.

“हात आण.”

“कायले?”

“आण ना वं.”

तिने हात पुढे केला. भांडायचं म्हटलं तरी अंगात जोर लागतो. देवाजीने पळसाचं पान लोण्यात बुडवलं आणि चोळायला लागला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं, म्हणून त्याने अगदी तसंच केलं, जसं बैलाला करायचं. आधी उलटा हात, मग सुलटा. जिभेने ‘च्यक च्यक’. मधूनच “होऽ बापा, होऽ.” मग टाचा. मग उजवा खांदा, जिथे भाऱ्याचं ओझं बसतं. एवढ्या मऊ आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. हा आवाज गोठ्यातला आहे, हे तिला ठाऊक होतं. तिने हरकत घेतली नाही. भेगांत लोणी उतरत होतं, आधी झोंबलं, मग थंड वाटलं. तिने डोळे मिटले.

वाटी रिकामी झाली. देवाजीने हात जोडले आणि दर वर्षीच्या सवयीने बोलून गेला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मग कोणासमोर बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

आनंदाबाईने डोळे उघडले. बत्तीस वर्षांत तो तिला पहिल्यांदा ‘घ्या’ म्हणाला होता. ती हळूच उठली, खाटेपर्यंत गेली आणि लोण्याचे पाय पसरून आडवी झाली.

“घेतलं,” ती म्हणाली. “उद्या मले कोणी जुपू नका. डाळ खालच्या डब्यात हाय.”