धावपट्टीवरचा सराव

फुनाफुती बेटावर सपाट मोकळी जागा एकच, विमानतळाची धावपट्टी. विमान नसलं की पोरं तिथंच फुटबॉल खेळतात, आणि या चिमुकल्या देशाची एकुलती एक धावपटू, तेउईला नावाची मुलगी, तिथंच परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी पळते.

आज तिला संघप्रमुख पुआफितूंनी थांबवलं. पोटावर बटण न लागणारा संघाचा कोट, गळ्यात निरोपाच्या माळा. मागे बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको, सगळे तसल्याच कोटात.

"विमानात जागा उरली नाही बघ, पोरी. पळायला काय, पुढच्या वेळीही मिळेल."

फाटकापासून चालत येण्यानंच त्यांना धाप लागली होती. ते विमानात चढले. ती पुन्हा पळायला लागली.

धावपट्टी मोकळी करायचा सायरन वाजला.

 

"तेउईला, हो बाजूला," पहारेकरी ओरडला. "आपला संघ निघालाय."