हरल्यानंतरचं तेल

रामहरी वस्तादांनी कोमट तेल तळहातावर घेतलं आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. योगीराज ओसरीवर पालथा पडला होता. काल संध्याकाळी जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती तो हरला होता. जिंकून आला की त्याचं अंग चोळायला दहा जण धावत. हरून आला की वस्ताद एकटेच असत.

"कुठं दुखायलंय?"

"सगळंच दुखायलंय, आण्णा."

वस्तादांनी खांदे चोळले, दंड चोळले. चाळीस वर्षं त्यांनी तालमीतल्या पोरांची अंगं मळली होती. डॉक्टर फोटो काढून जे सांगतो, ते हा माणूस डोळे मिटून सांगे. योगीराजला रात्रभर याच हातांची धास्ती होती. सकाळी अंग चोळून घ्यायला नको म्हणावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. पण नको म्हटलं असतं तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं.

हात मानेवर आले आणि थांबले.

पाठ मातीला टेकायला आली की पहिलवान डोकं मातीत रोवतो आणि सगळा भार मानेवर घेऊन अंग उचलून धरतो. हे वस्तादांनीच त्याला सातव्या वर्षी शिकवलं होतं. असा झगडून हरलेला गडी दुसऱ्या दिवशी मान वळवू शकत नाही, शिरा लाकडासारख्या ताठतात. योगीराजची मान मऊ होती.

आत धुरपदाबाई मुलासाठी हळदीचं दूध तापवत होत्या. भांड्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू मान लावलीच न्हाईस," वस्ताद म्हणाले.

योगीराजनं कपाळ हातांवर टेकलं.

"कुणी सांगितलं व्हतं? त्या भुजंगनं?"

भुजंग नदीतली वाळू चोरून विकायचा आणि जत्रांतल्या कुस्त्यांवर सट्टा घ्यायचा. कालची कुस्ती योगीराज मारणार, यावर तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी पैसे लावले होते. म्हणजे ती त्यानं हरणंच भुजंगच्या फायद्याचं होतं.

चार दिवसांपूर्वी भुजंग एकटाच शेतात आला होता. शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. बांधावर बसला, तांब्याभर पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "तुजे आण्णा रोज उजाडताना रस्त्यानं तालमीत जातेत ना? एकटेच? आमचे वाळूचे हायवा त्याच टायमाला निघतेत. पोरं लय पळवतेत रे गाड्या. आता मी कुणाकुणाला सांगू?" मग उठता उठता, सहज आठवल्यासारखं, "शेवटची कुस्ती सोडून दे," एवढंच बोलला.

योगीराजला बाप पुरता ठाऊक होता. हे कानावर गेलं असतं तर म्हातारा त्याच घडीला काठी घेऊन निघाला असता आणि हायवापुढं जाऊन उभा राहिला असता. त्याला कुणी अडवू शकलं नसतं.

"किती घेतलेस?" वस्तादांनी विचारलं.

योगीराजनं पैशाला हातसुद्धा लावला नव्हता. खरं काय ते सांगून टाकावं, असं त्याला अगदी आतून वाटलं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात त्याला दाराआड ठेवलेली वस्तादांची काठी दिसली.

"लय दिले, आण्णा," तो म्हणाला.

वस्तादांनी हात काढून घेतले. ओसरीवरून खाली उतरले, अंगणातली मूठभर माती घेतली आणि तेल जाईपर्यंत तळहात घासत राहिले. त्यांनी एक शिवी हासडली असती, दोन कानाखाली वाजवल्या असत्या, तर योगीराजला बरं वाटलं असतं.

धुरपदाबाई दुधाचा पेला घेऊन बाहेर आल्या. "लय लागलंय का वो लेकराला?"

"त्याला कुटंच लागलं न्हाई," वस्ताद म्हणाले. रोजच्यासारखं फावडं खांद्यावर टाकून ते तालमीची माती उकरायला निघाले.

योगीराज उघड्या अंगानंच दारात आला. नुकतं उजाडलं होतं. पारावर चौघं बसले होते; वस्ताद समोरून गेले तसे ते चौघंही मोबाइलमध्ये बघू लागले. एरवी पारावरून वस्तादांना राम राम घेत घेतच पुढं जावं लागे. आज ते न थांबता रस्त्याला लागले, आणि कडेनं चालायचं विसरून मधोमध चालू लागले.

वळणावरून वाळूनं भरलेला हायवा भरधाव आला.

योगीराज अंगणातून रस्त्याकडं धावला.

हायवाचा वेग कमी झाला. आणखी कमी झाला. ड्रायव्हरनं दोन चाकं रस्त्याखाली उतरवली, धूळ उडणार नाही अशा बेतानं गाडी म्हाताऱ्याच्या बाजूनं काढली आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "राम राम, वस्ताद."

कालपासून त्यांना कुणी घातलेला हा पहिला राम राम होता. वस्तादांनी वर न बघताच हात उचलला.

"राम राम, बाबा," ते म्हणाले. "सावकाश जा."