गॉलच्या पुढे कुठेतरी

फोटो आला तेव्हा आत्माराम बागेतलं गवत कापत होता. शेजारचा बाबू काळा चष्मा लावून पांढऱ्या गाडीला टेकून उभा, बाजूला त्याची बायको काशी. मागे वाकडा माड, निळी होडी आणि पाण्यात म्हैस बसावी तसा एक काळा खडक. खाली लिहिलेलं, ‘श्रीलंका. गॉलच्या पुढे कुठेतरी. गाडी स्वतः चालवतोय!’

आत्मारामने फोन खिशात घातला, परत काढला आणि परत बघितला. मग विळा तिथेच टाकून घरी आला.

“बघ, तुझ्या मैत्रिणीचा थाट बघ,” त्याने बायकोला म्हटलं.

चिमाने चष्मा लावून फोटो निरखला. “अगदी आपल्यासारखंच हाय की हो. माड काय, होड्या काय.”

“आपल्यासारखं? अगो, परदेश हाय तो! विमानानं जायला लागतं.”

बाबूने जाताना अख्ख्या वाडीला ऐकवलं होतं. कोलंबोला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने बेटाला फेरी मारायची. रोज एक फोटो यायचा. आत्माराम रोज ठरवायचा की बघायचा नाही, आणि वाडीत सगळ्यांच्या आधी तोच बघायचा.

खरं तर त्याला काही कमी नव्हतं. बाबूपेक्षा त्याची बाग मोठी, आणि तीही बापाने कातळ फोडून उभी केलेली. हातखंब्यापर्यंत तिच्या हापूसचं नाव होतं. बाबू दर हंगामाला विचारायचा, “बाग दे मला कराराने.” आत्माराम दर हंगामाला सांगायचा, “माझ्या बापाच्या झाडांवर दुसरा कोण चढणार नाय.” सगळी ऐट त्या बागेवर होती. पण बागेचे फोटो कोण कुणाला पाठवतो?

बाबू परत आला. घरोघर चहाची पाकिटं वाटली, ओटीवर लाकडी हत्ती मांडला. देवळातल्या बैठकीत आता सगळे बाबूकडे तोंड करून बसू लागले. आत्मारामचं बोलणं कुणी मध्येच तोडलं तरी कुणाच्या लक्षात येईना. त्याला अन्न गोड लागेना. मत्सर तो, दुसरं काय!

एक दिवस जेवताना तो म्हणाला, “आपण पण जायचं. तो गेला तिथं तर जायचंच, आणि त्याच्या पुढे पण जायचं.”

“आणि पैसे?”

“बाग देतो कराराने. पाच वर्षांनी परत आपलीच.”

चिमाचा घास हातातच राहिला. “मामंजींची बाग? फिरायला?”

आत्माराम ताट सरकवून उठला. राजापूरच्या एका व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं सुरू झालं, तर कुणकुण लागून बाबूच दारात हजर.

“परक्याला कशाला देतोस? माझ्याकडे राहिली तर तुझ्या डोळ्यांसमोर तरी राहील.”

ते आत्मारामला पटलं. शिवाय बाबूच्याच पैशाने बाबूला मागे टाकायचं, या विचाराने त्याला कितीतरी दिवसांनी हसू आलं. कागदावर सह्या झाल्या.

मग तयारीला लागला. नकाशावर लाल पेनाने फेरी आखली. गाडी चालवायच्या परवान्याचं काय, म्हणून बाबूला विचारलं.

“ते उतरल्यावर होतं सगळं. तू जा तर.”

“आणि तो खडक नेमका कुठं?”

“नावं कुठं लक्षात राहतात? गॉलच्या पुढे. विचारत जा.”

चिमाने काशीला विचारलं, बरोबर काय काय न्यावं. काशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “छत्री ने.”

परवान्यासाठी कोलंबोत दिवसभर रांगेत तिष्ठावं लागलं, पण पुढची फेरी झकास झाली. चिमाने चहाचे मळे बघितले, गरमागरम आप्पे खाल्ले, रस्त्यात हत्ती आडवा आला तेव्हा टाळ्या पिटल्या. आत्माराम मात्र काळा खडक शोधत होता. कोळी दिसला की गाडी थांबवून फोटो पुढे करायचा. कोळी नकाराने मान हलवायचे. गॉलच्या पुढे तो गेला, मागे आला, परत पुढे गेला.

“अहो, समोर एवढा समुद्र हाय, तो बघा की,” चिमा म्हणाली.

“बाबूला सापडतो नि मला नाय?”

खडक काही मिळाला नाही. परत आल्यावर त्याने वाडीला ढीगभर फोटो दाखवले, पण तो एक नव्हता, आणि बाबूने सगळ्यांदेखत नेमका तोच विचारला. एप्रिलात बापाच्या कलमांना आंबा असा धरला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. बाबूच्या पेट्या भरून टेम्पो जायचा आणि आत्माराम दगडी गडग्याआडून बघायचा.

मे महिन्यात चिमाच्या भाच्याने, विनीतने, दोघांना जेवायला बोलावलं. त्याला जिल्ह्यातल्याच जयगडच्या बंदरात नोकरी लागली होती. गावाबाहेर, खाडीच्या कडेला सुरय्याचाचीच्या घरात तो भाड्याने राहायचा. जेवणं झाल्यावर चाची त्यांना मागच्या दाराने पाण्याकाठी घेऊन गेली.

आत्माराम चार पावलं चालला आणि थांबला. वाकडा माड. निळी होडी. पाण्यात काळा खडक.

त्याने फोन काढला आणि फोटो चाचीसमोर धरला.

चाचीचा चेहरा खुलला. “अगोबाई, हे तर आमचे पाव्हणे! वरच्या खोलीत राहिले होते. दिवसभर कपडे बदलून बदलून फोटो काढायचे. मी विचारलं, एवढे फोटो कशाला हो? तर हसले नि म्हणाले, शेजाऱ्याची बाग घ्यायची हाय.”