तिसरी ताकीद

लायलला गोळी लागली. म्हणजे, लागलीच नाही. लागली म्हटलं तर बाहेरचे पोलीस आम्हा मोहॉक आदिवासींच्या वस्तीतली सगळीच गांजाची दुकानं बंद करतील. नियम कुळमातेचा, म्हणजे आमच्या कुळाची प्रमुख असलेल्या आर्लीनमावशीचा: शाळकरी पोरांना माल विकायचा नाही. दोनदा ताकीद मिळूनही लायलनं आपल्या दुकानातून विकला. आम्ही लॅक्रॉस खेळायच्या काठ्यांनी दुकानाच्या काचा फोडल्या, त्याचे दोन दातही. तो बंदूक रोखून उभा राहिला. मावशीनं तिसऱ्या, शेवटच्या ताकिदीची शंखमण्यांची काळी माळ उंचावली. “जमिनीला टेकायच्या आत झेललीस, तर ऐकलंस. नाहीतर ही पोरं डोकं फोडतील.” “मावशे, हात रिकामे नाहीत!” “कर की रिकामे!” माळ सुटली. लायलनं बंदूक टाकून ती झेलली. बंदुकीतून गोळी सुटली. “झेलली ना!” तो रक्ताळलेला गुडघा धरून किंचाळला. “म्हणजे ऐकलंस,” मावशी म्हणाली. सबब, गुडघ्यातली गोळी जन्मजात असल्याचा दाखला इस्पितळाने द्यावा, ही नम्र विनंती.