योग्य पर्याय निवडा

"पेपर कोरा आहे हो," बाई म्हणाल्या. "झाडं अन्न कसं तयार करतात, एवढंच लिहायचं होतं. एक ओळ नाही."

आईनं पेपर उलटसुलट करून पाहिला. शेजारच्या खुर्चीवर लेक पाय हलवत बसली होती. डोळ्यांवरून तिचं नाव पडलं होतं घारी.

"तिला येतं सगळं, बाई. लिहा म्हटलं की हातपाय गाळते. घरी मी पर्याय देऊन विचारते, तेव्हा एक चुकेल तर शपथ."

"ज्याला येतं त्याला कसंही विचारलं तरी यायला हवं ना?"

"म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात न सोडता निबंध लिहायला लावणार?"

बाई हसल्या. आईला मात्र हसू येईना. मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि घारी त्याच बाकावर राहणार, हेच कालपासून तिच्या डोक्यात घोळत होतं.

"बरं, तुमच्या पद्धतीनं विचारा," बाई म्हणाल्या. "जमलं तर पुढच्या वर्गात बसवते."

आईनं पुस्तक घेतलं आणि खुर्ची लेकीसमोर ओढली. घरी भाजी चिरता चिरता विचारलं की घारी हटून बसायची, "इकडे बघून विचार." लाडोबा, दुसरं काय.

"झाड अन्न कुठे तयार करतं? मुळात, खोडात, पानात, की फुलात?"

"पानात."

"बेडूक लहानपणी श्वास कशानं घेतो? नाकानं, कल्ल्यांनी, की शेपटीनं?"

"कल्ल्यांनी."

उत्तरं धडाधड येत गेली. आईचा चेहरा उजळला. बाई पुस्तकाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर घारीवर होती.

"छान. आता पुस्तकाबाहेरचा एक माझा," म्हणत त्यांनी एक चिठ्ठी लिहून आईकडे सरकवली. "हाही तुम्हीच विचारा."

आईनं वाचलं, "नाकतोड्याचे कान कुठे असतात? डोक्यावर, पायांवर, पोटावर, की पंखांवर?"

घारी खुर्चीत पुढे सरकली.

आईनं पर्याय पुन्हा वाचले, या वेळी सावकाश. घारी तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. मग ती खुर्चीवरून उतरली, जवळ आली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत काढावी तशी हळूच म्हणाली,

"असू दे, आई. हे तुलाच येत नाहीये."