दूध दिली

रविवारी आमची सशीण मेली आणि आम्ही तिला गार्डनच्या कोपऱ्यात पुरलं. मागे राहिली डोळेही न उघडलेली चार पिल्लं. व्हेटने दुधाच्या पावडरीचा डबा आणि ड्रॉपर दिला. म्हणाला, सशीण दिवसातून एकदाच पाजते, तसं रोज सकाळी एकदाच दूध द्या आणि वजन करा; पोट गोल दिसलं, की दूध मिळालंय समजा. "सकाळचं दूध मी देणार," माझी दहा वर्षांची सान्वी म्हणाली. सोमवारी मी उठून खाली आले, तर चारही पोटं टम्म. "मम्मी, ती दूध दिली." कॉव्हेंट्रीत जन्मलेली पोर, मराठीची अशीच वाट लावते. "मी दूध दिलं, असं म्हणायचं." "पण मम्मी—" "पण-बिण काही नाही." मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच: ती दूध दिली. किचनमधल्या काट्यावर पिल्लं रोज दहा-दहा ग्रॅमनी वाढत होती. पिल्लांच्या खोक्यातल्या गवतावर मात्र ओली माती सांडलेली असायची. "गार्डनमधून आलीस की आधी हात धू," मी ओरडले. तिने दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते. शुक्रवारी वाटलं, पावडर संपत आली असेल, नवा डबा आणायला हवा. फळीवरून डबा काढला, तर तो जडच लागला. झाकण उघडलं. आतलं चंदेरी सील फाटलेलंच नव्हतं. "सान्वी, पिल्लांना दूध कुणी दिलं?" तिने आधी ओठांतल्या ओठांत शब्द जुळवून पाहिले. या वेळी तिला चूक करायची नव्हती. "तिने दिलं."